हवेवर विणलेला शब्द

सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. हिलाल बडगुजर एकोणिसाव्या वर्षी पारोळ्याकडच्या एका गावातून आला, लिंबायतच्या एका खात्यात शिरला आणि एकतीस वर्षं लूमवरच राहिला. एका पत्र्याखाली अठ्ठेचाळीस लूम. तिथं आवाज ऐकू येत नाही, पुराच्या पाण्यात उभं राहावं तसं आवाजात उभं राहायचं असतं. माणसं ओठांनी आणि हातांनी बोलतात. अंगठा तोंडाशी नेला की पाणी. कॉलर वर ओढली की शेठ आला. करंगळी दाखवली की जरा माझे दोन लूम बघ, आलोच. हिलाल ही भाषा इतकी सफाईनं बोलायचा की आपले कान कधी गेले हे त्याला फार उशिरा कळलं. खात्यात सगळेच बहिरे असतात. त्याला ते कळलं गल्लीतल्या एका लग्नात. बँड अगदी पुढ्यात होता, वाजवणाऱ्यांचे गाल फुगत होते, आणि बाकी सगळं एखाद्या जुन्या फोटोसारखं गप्प होतं.

मग शेठनं त्याला लूमवरून उठवून गाठी मारायला बसवलं. लूममागच्या रुळावर, म्हणजे बीमवर, गुंडाळलेले ताण्याचे उभे धागे संपत आले की नव्या बीमचा एकेक धागा जुन्याच्या शेपटाला बांधावा लागतो. चार-साडेचार हजार धागे, तितक्याच गाठी. हे काम बसून करायचं असतं आणि त्याला कान लागत नाहीत. हिलालला आता सत्तावन्न चालू आहे. सात वर्षं तो गाठीच मारतो आहे.

घर गोडादऱ्यात. दोन खोल्या, पुढं लोखंडी जाळीची गॅलरी. बायको प्रमिलाबाई अजून त्याच्याशी ओरडूनच बोलते. आवाज पुरेसा मोठा केला तर तो कधीतरी आत पोचेल अशी तिची समजूत आहे, आणि इतक्या वर्षांत ती ढळलेली नाही. मुलगी नूतन बावीस वर्षांची. ती लहानपणापासून बापाशी ओठांनीच बोलते. घशातून आवाज काढतच नाही, कशाला काढायचा? त्यामुळे त्या घरात दोन माणसं तासन्‌तास गप्पा मारत बसलेली असतात आणि शेजारच्या खोलीत एक शब्द जात नाही. प्रमिलाबाईला ते अजिबात आवडत नाही. "बापलेकी काय खलबतं करतस कोन जाने," असं ती भांड्यांना सांगते.

हिलालला शब्दांचा नाद लागला तो एका खोक्यामुळं. सुताच्या खोक्याच्या तळाला रद्दी घातलेली असते. एकदा त्यात एका जाड इंग्रजी कोशाचं सुटं पान निघालं. दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झालेला माणूस, पण अक्षरं ओळखीची होती. पानावर एक शब्द होता: डेनियर. सुताच्या प्रत्येक खोक्यावर छापलेला असतो तो. साठ डेनियर, ऐंशी डेनियर. सूत किती बारीक ते सांगणारं माप, यापलीकडं त्याचा कुणी विचार केला नव्हता. पानावर लिहिलं होतं की हे मूळचं रोममधल्या एका चांदीच्या नाण्याचं नाव. हिलाल बराच वेळ ते पान धरून उभा राहिला. आपण रोज तोंडात घोळवतो तो शब्द दोन हजार वर्षांचा आहे, समुद्र ओलांडून आला आहे आणि लिंबायतला येऊन पॉलिएस्टर मोजतो आहे. त्याला कुणी दूरचा नातेवाईक भेटल्यासारखं वाटलं.

मग चौकबाजारात फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडणाऱ्याकडून त्यानं अख्खा कोश आणला. तो इंग्रजीतून इंग्रजीत होता, म्हणून त्याचा अर्थ लावायला दुसरा छोटा इंग्रजी-मराठी आणला. शब्दाचं मूळ शेवटी चौकोनी कंसात दिलेलं असायचं, पुढं एक अक्षर. एल हे अक्षर पुन्हा पुन्हा यायचं. पहिले काही महिने हिलालला वाटायचं की हे शर्टासारखं माप असावं, एल म्हणजे लार्ज, मोठा शब्द. एल म्हणजे लॅटिन हे कळल्यावर तो एकटाच हसला.

सापडलेले शब्द तो सुताच्या रिकाम्या कोनांवर लिहायचा. पुठ्ठ्याचे ते निमुळते कोन खात्यात ढिगानं पडलेले असतात. एका कोनावर एक शब्द, खाली मूळ, खाली मराठीत अर्थ. माळ्यावर ते ओळीनं उभे असत. शटल, म्हणजे धोटा: मूळचा अर्थ बाण. हे वाचून त्यानं डाव्या भुवईवरच्या व्रणाला हात लावला. लूममधून सुटलेल्या शटलनंच तो केला होता, म्हणजे नाव ठेवणाऱ्याला ठाऊक होतं. बीम: मूळचा अर्थ झाड. क्लू, म्हणजे पोलिसांना सापडतो तो धागादोरा: मूळचा अर्थ खरोखरच सुताचा गुंडा. मोंगूज: आपलंच मुंगूस, साहेबानं उचलून नेलेलं. ॲबसर्ड: पोटात एक लॅटिन बहिरा बसलेला आहे. तो कोन त्यानं थोडा मागं ठेवला होता. आणि सुरत. हो, सुरत हाही इंग्रजी शब्द निघाला. अर्थ, जाडंभरडं सुती कापड.

"आपला गावनं नाव त्यास्नी जाड्याभरड्या कापडले दिधं," त्यानं प्रमिलाबाईला सांगितलं.

"मंग काय मलमलले देतीन?" ती ओरडली. "जेवाले या. त्या कोन काय तुम्हले भाकर वाढतीन? एक दिन भंगारवालाले दी टाकसू सगळा."

पण ते वाचणारी एक होती. नूतन. शाळेत असल्यापासून तिला एखादा शब्द अडला की ती बापासमोर येऊन बसायची, तोंड त्याच्याकडं करायची आणि शब्द ओठांवर मांडायची. हिलाल कोश उघडायचा. गल्लीत त्याला कुणी काही विचारत नाही. बहिऱ्याला विचारायचं म्हणजे व्याप. खात्यात शेठ खुणेनं बीम दाखवतो, काम संपतं. दिवसभरात त्याच्याकडं काहीतरी मागायला येणारं माणूस म्हणजे नूतन. ती येऊन बसली की हिलाल ताठ व्हायचा. तेवढ्यापुरता तो घरातला बाप असायचा.

बी.कॉम. झाल्यावर नूतनला रिंग रोडच्या मार्केटमध्ये नोकरी लागली. मोबाइलवरून साड्या विकणारी कंपनी. प्रत्येक साडीच्या फोटोखाली चार ओळी इंग्रजी लागतात, त्या लिहायच्या, आणि आठवड्यातून दोनदा कॅमेऱ्यासमोर उभं राहून महाराष्ट्रातल्या बायकांना मराठीतून साड्या दाखवायच्या. तीन महिने कच्ची नोकरी, मग बघू. वरच्या बाई हेतलबेन, तिशीच्या, बंगळूरला शिकून आलेल्या. त्यांच्या बोलण्यात असे शब्द यायचे की मार्केटच्या त्या गाळ्यात ते परदेशी पाहुण्यासारखे अवघडून उभे राहायचे.

"आप्पा, बीस्पोक," नूतन एका संध्याकाळी येऊन ओठांनी म्हणाली, आणि तिनं हा शब्द लिहूनही दाखवला.

हिलालनं शोधलं. "बोलून ठेवलेलं. गिऱ्हाइकानं आधीच शब्द दिलेलं कापड. आपल्याकडं सोयरीक बोलून ठेवतात ना, तसं."

नूतननं ते तसंच इंग्रजीत उतरवलं: ही साडी तुमच्यासाठी बोलून ठेवली आहे. हेतलबेननं ते वाचलं, मान वर करून नूतनकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "आ तो सरस छे. क्यांथी लावी?" कुठून आणलंस? नूतन म्हणाली, घरून. घरी येऊन तिनं ते बापाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी हिलाल दाढी करून खात्यात गेला. गाठी मारणाऱ्याला दाढीची काय गरज, असं शेजारच्या कारागिरानं खुणेनं विचारलंही.

दुसरा महिना संपत आला तेव्हा हेतलबेनचा एक व्हॉइस मेसेज आला. नवा माल आला होता, चौसष्ट साड्या, गडद रंगांच्या, रुंद काठांच्या. "नूतन, आमां एअरलूम लुक आवे एवुं लखजे." यात एअरलूम लुक येईल असं लिही. नूतननं तो मेसेज तीनदा ऐकला. शब्द नवा होता. परत विचारावंसं वाटलं, पण कच्च्या नोकरीत दर वेळी काय विचारायचं? तिनं मोबाइलमध्ये एअर आणि लूम असं टाइप केलं. स्क्रीनवर मोठमोठ्या यंत्रांचे फोटो आले. तरी खात्री करायला म्हणून ती बापापुढं बसली.

"आप्पा, एअरलूम म्हंजे काय?"

हिलालनं कोशाकडं हातसुद्धा नेला नाही. लूम! एकतीस वर्षं! हा शब्द तरी परका नव्हता. त्याचे हात आपोआप हवेत गेले. एअरजेट, अजून काय, तो म्हणाला. शटल नाही, बाण नाही, काही नाही. इकडून हवेची पिचकारी मारतात, आडवा धागा हवेवर स्वार होतो आणि तिकडं पोचतो. डोळ्याला दिसतही नाही. एका मिनिटात इतके धागे की साधा लूम लाजेल. त्यानं हात असे फिरवले, गालातून अशी हवा सोडली की नूतन हसायला लागली. आपल्याला त्या लूमवर कधी बसायला मिळालं नाही, हेही त्यानं सांगितलं.

कोशात माणूस तेच शब्द बघतो जे त्याला माहीत नाहीत. माहीत असल्यासारखे वाटणारे शब्द तसेच निसटतात, आणि आयुष्यातल्या बहुतेक चुका त्याच वाटेनं येतात.

नूतननं चौसष्ट साड्यांखाली लिहिलं की या साड्या हवेवर विणल्या आहेत, अगदी नवं तंत्र, आधुनिक स्त्रीसाठी. आणि गुरुवारी दुपारी कॅमेऱ्यासमोर उभी राहून एक जांभळी साडी खांद्यावर टाकत ती म्हणाली, "ताई, ही बघा, ही साडी हवेवर विणलेली आहे."

खाली बायकांचे प्रश्न धडाधड यायला लागले. अकोल्याच्या एकीनं विचारलं, हवेवर विणली तर वारा आला की उडेल का? नाशिकच्या एकीनं लिहिलं, धुवायची की फुगवायची? जळगावची एक म्हणाली, माझ्या सासूला घेते, ती पण हवेवरच चालते. नूतनला वाटलं छान चाललंय, ती हसून आणखी हवेबद्दल सांगत राहिली. हेतलबेनना मराठी येत नव्हतं, पण हवा हा शब्द इकडंतिकडं सारखाच आहे. त्या जवळ आल्या. "हवा? कई हवा?" कुठली हवा?

मग सगळं बाहेर आलं. त्यांना हवी होती आजीच्या पेटीतून निघालेली साडी. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली, लेकीला मिळालेली, सुनेला मिळालेली. आणि नूतननं चौसष्ट ठिकाणी लिहिलं होतं की ती काल मशीनमधून निघाली. ऑफिसात हसण्याची लाट आली. कुणीतरी पंख्याखाली पदर धरून नूतनसारखं बोलून दाखवलं. हेतलबेन हसल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं. त्या म्हणाल्या, "कालथी पॅकिंग पर बेसजे." उद्यापासून पॅकिंगला बस.

त्या संध्याकाळी नूतन आली, चप्पल काढली, पाणी प्याली आणि आईशी बोलायला लागली. तिचं तोंड भिंतीकडं होतं. हिलाल खाटेवर बसून तिच्या मानेच्या हालचालीवरून ओळखत होता की ती बोलते आहे. पाठीवरची वेणी हलत होती. शब्द पलीकडच्या बाजूला पडत होते. ऐकणाऱ्या माणसाशी अबोला धरायचा तर गप्प बसावं लागतं. बहिऱ्याशी धरायचा तर नुसती मान वळवली की झालं.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

नूतन वळली. "काही नाही," ओठ म्हणाले, आणि ती पुन्हा वळली.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी सकाळीही. ती समोर येऊन बसली नाही, ओठांवर काही मांडलं नाही. शेवटी प्रमिलाबाईनंच त्याच्या पुढ्यात उभं राहून, हातवारे करत, गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं. "पोरीले पॅकिंगवर बसाडं. खोके चिकटाडस ती दिनभर. तुम्हना त्या हवाना लूममुये!"

हिलालनं तिच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. पहिल्यांदा त्याला वाटलं, आपणच ओठ चुकीचे वाचले.

शनिवारी खात्यात त्यानं अडतीस धागे चुकीचे बांधले. पोरीची नोकरी जाईल ही भीती होतीच, पण नोकऱ्या जातात आणि मिळतात, सुरत त्यासाठीच आहे. खरी भीती दुसरीच होती. ती आता विचारणार नाही. कधीच नाही. लग्न होऊन जाईल, आणि त्याआधी दोन-तीन वर्षं याच दोन खोल्यांत पाठमोरी फिरत राहील. कुणाला काही द्यायला आपल्याकडं दुसरं होतं तरी काय?

रविवारी सकाळी नूतन गॅलरीत केस वाळवत होती. तिच्या डब्याच्या पिशवीतून एक कार्ड अर्धं बाहेर आलं होतं. साडीच्या खोक्यात घालतात तसलं, कोपरा दुमडला म्हणून बाद झालेलं. हिलालनं ते सरळ केलं. सोनेरी अक्षरं. दुसरा भाग लूम, तो लगेच कळला. पहिला भाग एच या अक्षरानं सुरू होत होता. हेइर? हेइरलूम. हा कुठला लूम? केसांचा? त्यानं मान हलवली. एअरलूम वेगळा, हा वेगळा, असं म्हणून तो कार्ड परत ठेवणार होता, पण सवयीनं हात कोशाकडं गेला.

एचची पानं. हेइर सापडला: वारस. त्याच्या शेजारी छोट्या कंसात काही खुणा होत्या. प्रत्येक शब्दाशेजारी असतात, उच्चार कसा करायचा ते सांगणाऱ्या. हिलालनं आजवर त्या कंसाकडं कधी पाहिलं नव्हतं. बहिऱ्याला उच्चाराशी काय देणंघेणं? आता त्यानं चष्मा पुसला, एअर हा शब्द काढला, त्याच्या शेजारचा कंस पाहिला. पुन्हा हेइर. दोन्ही कंसांत तीच खूण होती. एच लिहायचा आणि म्हणायचा नाही.

कोश त्याच्या मांडीवर उघडाच राहिला. बारा वर्षं तो शब्द जमवत होता आणि त्यातले बहुतेक त्यानं कधी ऐकलेलेच नव्हते. कित्येकांना नुसता तोंडवळा होता. माळ्यावर इतकी माणसं त्यानं आणून ठेवली होती, आणि त्यांचा आवाज कसा आहे हे त्याला माहीत नव्हतं.

मग त्यानं लूम काढला. तिथं दोन अर्थ होते. जुना अर्थ, कुठलंही अवजार. हातात धरायची वस्तू, कुदळ असो की सुई. कापड विणायचं यंत्र हा अर्थ नंतरचा. म्हणजे हेइरलूम, जसा लिहिला होता तसा, मुळात वारसाला मिळालेलं अवजार. म्हणजे लूम होताच त्यात. अगदीच काही तो चुकला नव्हता. हिलाल झटकन उठला. सांगावं तिला. चालत जावं त्या हेतलबेनकडं, कोश उघडून पुढ्यात ठेवावा आणि म्हणावं, बघा, बाई, लूम आहे.

तो दारापर्यंत गेला आणि थांबला. हे सगळं खरं होतं आणि त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. चौसष्ट साड्यांखाली त्यानं हवा भरली होती. अर्ध्या खरेपणाचा झेंडा घेऊन पोरीपुढं जायचं, तर ती उरलेलं आयुष्य पाठमोरीच बरी.

गॅलरीत जाऊन तो जाळीला टेकून उभा राहिला. नूतन केस झटकत होती. त्यानं कार्ड तिच्यासमोर धरलं.

"माय," तो म्हणाला. खानदेशात लेकीलाही माय म्हणतात. "माले हाऊ शब्द येत नव्हता. येस असं वाटनं. मी बघं नही. मी चुकनू."

त्याचा आवाज त्याला ऐकू येत नसल्यामुळं तो कधी फार मोठा यायचा, कधी नुसतीच हवा. या वेळी फार मोठा आला. खालून जाणाऱ्या दोन बायकांनी वर पाहिलं.

नूतननं केस मागं टाकले आणि त्याच्याकडं पाहिलं. तीन दिवसांनी. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"मीच विचारायला पाहिजे होतं तिला परत," तिचे ओठ म्हणाले.

"ते तू बघ. मी मन्हं सांगी ऱ्हायनू."

मग हिलालनं अक्षरावर बोट ठेवलं. "हाऊ एच. म्हनत नहीत का?"

"नाही म्हणत."

"मंग लिहितस कसाले?"

"मला काय माहीत? मी काय इंग्रज आहे?" आणि तिला हसू आलं, ते तिनं आवरलं.

हिलाल आत गेला. माळ्यावरून हाताला लागले तेवढे कोन काढून त्यानं गॅलरीत आणले आणि तिच्यापुढं फरशीवर उभे केले. एक उचलून त्यानं वाचला. "सब-टल." सूक्ष्म. मूळ लॅटिन, अर्थ बहुधा मागावर ताणलेल्या कापडाखालचा बारीक धागा. या शब्दावर त्याचं फार प्रेम होतं. "आस्साच म्हनतस ना?"

नूतननं क्षणभर इकडंतिकडं पाहिलं. मग तिचे ओठ म्हणाले, "सटल. बी म्हणायचा नसतो, आप्पा."

"तुले कधीपासून माहीत शे?"

"अकरावीपासून. मी वर्गात सब-टल म्हणाले होते. सगळे हसले."

"माले नही सांगं."

ती केसांची एक बट बोटाला गुंडाळत राहिली. हिलाल तिच्या तोंडाकडं बघत राहिला. एक ओठही हलला नाही, तरी त्याला उत्तर मिळालं. अकरावीपासून पोर त्याचे शब्द घेत होती, जिन्यात उतरता उतरता त्यांचे उच्चार नीट करत होती आणि मग बाहेर नेत होती. घरी येताना परत त्याच्या उच्चारात आणत होती. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की देणारा एकटा तो.

"चुकीचं तर चुकीचं, मंग इचारी का ऱ्हायनी होती माले?"

"अर्थ बरोबर असायचा ना," नूतन म्हणाली. मग जरा थांबून, "आणि तुम्ही सांगता ते मोबाइल नाही सांगत. बोलून ठेवलेलं कापड म्हणे. मोबाइलनं नुसतं सांगितलं, मागणीप्रमाणे."

हिलालनं मान खाली घातली आणि पुढचा कोन उचलला. ती एकेक शब्द सावकाश ओठांवर मांडायला लागली, तो तिच्यामागून तोंड हलवायला लागला. काही शब्द त्याला बरोबर येत होते, त्याचं दोघांनाही नवल वाटलं. मोंगूजला तो म्हणाला, "हाऊ आपला शे, हाऊ मी म्हनसू तसाच." नूतननं तेवढं चालवून घेतलं. ॲबसर्डचा कोन आला तेव्हा तिनं खालचा अर्थ वाचला आणि तो शब्द दोनदा म्हणून दाखवला.

प्रमिलाबाई दारात येऊन उभी राहिली. बाप आणि लेक समोरासमोर बसून पाण्याबाहेर काढलेल्या माशांसारखी तोंडं उघडत होते, मिटत होते. "आते काय दोन्हीस्ना कान ग्यात का?" तिनं विचारलं, आणि कुणी उत्तर देईना म्हणून चहा टाकायला गेली.

चहा पिताना नूतन कपाच्या काठाकडं बघत बसली होती. मग तिनं कप खाली ठेवला, पाय दुमडले आणि तोंड त्याच्याकडं केलं.

"आप्पा. सियाज."

हिलाल ताठ झाला नाही. "काय?"

"सियाज. हेतलबेन शुक्रवारी कुणाला तरी सांगत होती. पुढच्या मालाचं नाव. मी खोके चिकटवत होते, तेव्हा कानावर आलं."

"कसं लिहितस?"

"ते नाही माहीत."

त्यानं कोश ओढला. एसच्या पानांत शोधलं, सीच्या पानांत शोधलं, नूतननं झेडही बघायला लावला. सियाजच्या जवळपास जाणारं काही निघालं नाही. कोश जुना होता, की शब्द एखाद्या न म्हणायच्या अक्षराआड लपला होता, कोण सांगणार? हिलालची जीभ एकदा वळवळली. सिया म्हणजे सीता, साज म्हणजे दागिना, काहीतरी जुळवता आलं असतं, आणि ते ऐकायला छानही वाटलं असतं. त्यानं कोश मिटला.

"माले नही माहीत," तो म्हणाला.

नूतन त्याच्याकडं बघत राहिली. हे वाक्य तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"मग?"

"मंग उद्या तिलेच इचार. काय म्हनतस, कसं लिहितस, दोन्ही इचार. लिखी आन. मंग आपन मूळ काढूत."

"पॅकिंगवाली विचारते म्हणून हसतील सगळे."

"हसू दे," हिलाल म्हणाला. "माले कोठे आयकू येस?"

नूतननं तोंडावर हात धरला. खांदे हलत होते. हिलालला आधी कळेना की ती हसते आहे की रडते आहे, म्हणून त्यानं तिचा हात बाजूला केला आणि पाहिलं. दोन्ही होतं. त्यानं बशीत ओतलेला आपला चहा तिच्याकडं सरकवला.

सोमवारी सकाळी तो गॅलरीत उभा राहिला. खाली नाक्यावर नूतन मार्केटकडं जाणाऱ्या रिक्षाची वाट बघत होती. डब्याची पिशवी खांद्याला, ओढणी गुंडाळलेली. आजूबाजूला लूमवर जाणारी माणसं, सायकली, दुधाचा टेंपो. तिचं लक्ष कुणाकडं नव्हतं. ती एकटीच गुजरातीत बोलत होती. इतक्या अंतरावरून दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं, पण हिलालला स्पष्ट वाचता येत होतं. हेतलबेन, एक विचारायचं होतं. मग थोडं थांबून, पुन्हा पहिल्यापासून. हेतलबेन, एक विचारायचं होतं. रिक्षा आली, दोन बायकांच्या मध्ये ती दाटीवाटीनं बसली, आणि रिक्षा वळेपर्यंत तिचे ओठ हलत होते.